मुलांची लाइमची ब्लड टेस्ट: आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह, औषध द्यायचं की नाही?

छत्री_विसरली
मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही न्यू जर्सीत मॉरिस काउंटीत राहतो, घरामागे झाडी सुरू होते आणि हरणं तर रोजचीच. लेक सात वर्षांची. मार्चपासून अधूनमधून रात्री पाय दुखतात म्हणून रडते, पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागे, तेल लावून चोळलं की झोपते आणि सकाळी काही झालंच नाही अशी उड्या मारते. मध्ये एका शनिवारी जरा जास्तच रडली म्हणून अर्जंट केअरला नेलं. टिक (गोचीड) चावली होती का विचारलं, मी म्हटलं मला तरी कधी दिसली नाही, चट्टाही नाही, पण मागे झाडी आहे. झालं, लगेच रक्त काढून लाइम पॅनल, म्हणजे टिक चावून होणाऱ्या लाइम आजाराची टेस्ट, पाठवलं.

रिपोर्ट पोर्टलवर आला तो असा: पहिली टेस्ट इक्विव्होकल (धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही), आयजीएम पॉझिटिव्ह (२३ आणि ४१ हे दोन बँड), आयजीजी निगेटिव्ह (फक्त ४१). अर्जंट केअरवाले म्हणाले अँटिबायोटिक लिहून देतो. आमच्या पेडी, म्हणजे मुलांच्या डॉक्टर, म्हणतात काही देऊ नका, ही फॉल्स पॉझिटिव्ह (आजार नसताना आलेली) असणार, येऊन जा, मी पाय बघते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने वेगळ्याच क्लिनिकचा नंबर दिलाय, ते म्हणे खास लाइमच बघतात, इन्शुरन्स घेत नाहीत आणि काही महिने औषध चालवतात. आणि नाशिकहून सासरे रोज फोनवर, "रक्तात आलंय ना? मग औषध का देत नाहीत?" याचं धड उत्तर मला देता येत नाहीये. कुणाच्या मुलांना झालंय का? हे रिपोर्ट वाचायचे कसे?

निवांतराव
आधी गूगल बंद करा. :)

चिंचगूळ
कनेक्टिकटहून. आमच्या मुलाला पाचव्या वर्षी झाला होता, मागच्या जूनमध्ये. मांडीच्या मागे लाल चट्टा, आधी डास चावला वाटलं, मग रोज थोडा थोडा मोठा होत तळहाताएवढा झाला. खाज नाही, दुखत नाही. ते फोटोत दाखवतात तसं नेमबाजीच्या पाटीसारखं गोल गोल काही नव्हतं हं, सरसकट लाल होता. डॉक्टरांनी बघितलं, टिकच्या सीझनमध्ये या भागात एवढं दिसलं की बास म्हणाले आणि रक्त न काढताच अमॉक्सिसिलिन दिलं, १४ दिवस. माझी आई तेव्हा इथेच होती, तिचा जीव खालीवर, "अगं टेस्ट न करता औषध कसं देतात हे लोक?" मी पण विचारलं तर ते म्हणाले आत्ता टेस्ट केली तर बहुतेक निगेटिव्हच येईल आणि तरीही मी औषध देणारच आहे, मग पोराला सुई कशाला टोचू.

म्हणजे माझ्याकडे रिपोर्ट नाही आणि आजार होता, तुझ्याकडे रिपोर्ट आहे आणि आजार बहुधा नाही. गंमतच आहे.

छत्री_विसरली
चिंचगूळ, हेच मला कळत नाही. आजार असताना टेस्ट निगेटिव्ह कशी येईल?

लॅबवाली
मी पेनसिल्व्हेनियात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सेरॉलॉजीला (अँटिबॉडीच्या टेस्ट करतात तिथे) आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषध द्या किंवा देऊ नका हे मी सांगणार नाही, ते पेडींचं काम. पण या पट्ट्या रोज बघते म्हणून टेस्टबद्दल लिहिते.

पहिली गोष्ट, या टेस्टमध्ये जंतू शोधतच नाहीत. जंतूला बघून शरीराने ज्या अँटिबॉडी तयार केल्या त्या शोधतात. आपल्याकडे डेंग्यूत पहिल्या काही दिवसांत एनएस१ करतात ना, ते विषाणूचंच प्रथिन असतं आणि नंतर आयजीएम करतात, ती शरीराची प्रतिक्रिया. लाइममध्ये एनएस१ सारखं रोजच्या वापरातलं काही नाही, कारण हा बोरेलिया नावाचा स्प्रिंगसारखा जंतू रक्तात फारच थोडा आणि थोडाच वेळ सापडतो, म्हणून रक्ताचा पीसीआरही बहुतेक वेळा कोराच येतो. राहिल्या अँटिबॉडी. त्यांचे आयजीएम आणि आयजीजी हे दोन प्रकार बघतात आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. आयजीएम साधारण दोनेक आठवड्यांनी दिसायला लागते, आयजीजी चार ते सहा आठवड्यांत. चट्टा उठतो चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत, बऱ्याचदा आठवडाभरातच. म्हणजे चट्टा आधी, अँटिबॉडी नंतर. त्या वेळी टेस्ट केली तर निम्म्याहून जास्त वेळा निगेटिव्ह येते आणि निगेटिव्ह आली म्हणून आईबाप निर्धास्त होतात, हा खरा धोका. चिंचगूळच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. आणखी एक, लवकर औषध दिलं तर कधी कधी अँटिबॉडी पुढेही तयार होत नाहीत, नंतर टेस्ट करून "म्हणजे लाइम नव्हताच" असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या रिपोर्टचं. लाइमची टेस्ट दोन टप्प्यांची असते, हे १९९४ साली मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या परिषदेत ठरलं आणि १९९५ पासून सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, तसं सांगितलं. पहिला टप्पा एलायझा, म्हणजे अँटिबॉडी आहेत का याची चाळणी. ती पॉझिटिव्ह किंवा तुमच्यासारखी मधलीच आली तरच दुसरा, वेस्टर्न ब्लॉट. यात जंतूची प्रथिनं वजनाप्रमाणे वेगवेगळी करून एका पट्टीवर घेतात आणि मुलाच्या रक्तातल्या अँटिबॉडी कुठल्या कुठल्या प्रथिनाला चिकटतात ते बघतात. तुमचे ते २३ आणि ४१ म्हणजे या प्रथिनांची वजनं. आयजीजीच्या १० ठरलेल्या बँडपैकी निदान ५ लागतात, आयजीएमच्या ३ पैकी २. ते तीन म्हणजे २३, ३९ आणि ४१.

आता ४१ म्हणजे काय, तर जंतूला पोहायला जी शेपटी असते तिचं प्रथिन. शेपटीवाले जंतू जगात ढिगाने आहेत, तोंडातसुद्धा असतात, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात टिक बघितली नाही अशा लोकांतही ४१ दिसतो. राहिला एक २३, तो पुसट आला तरी "३ पैकी २ झाले, पॉझिटिव्ह". म्हणून आयजीएमवाल्या पॉझिटिव्हला नियम आहे की त्रास सुरू होऊन ३० दिवसांच्या आतच तिला मोजायचं. त्यानंतर एकटी आयजीएम असेल तर ती धरायचीच नाही, कारण खरा लाइम असता तर इतक्या दिवसांत आयजीजी यायलाच हवी होती. तुमच्या लेकीचे पाय मार्चपासून दुखतायत. आता तुम्हीच जोडा.

छत्री_विसरली
लॅबवाली ताई, इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. पेडी घाईत "टू लेट फॉर आयजीएम" एवढंच म्हणाल्या होत्या, मला वाटलं औषधाला उशीर झाला!! रात्रभर झोप नाही.

फुकट_सल्ला
सासऱ्यांना सांगा विडालसारखं आहे. आपल्याकडे ताप आला की विडाल, ती थोडी पॉझिटिव्ह आली की टायफॉइड आणि पंधरा दिवस गोळ्या. निम्म्या नाशिकला टायफॉइड झालाय त्या हिशोबाने.

लॅबवाली
फुकट_सल्ला, हसले, पण अगदी तीच जातकुळी आहे. विडालसुद्धा अँटिबॉडीचीच टेस्ट.

बोस्टनचा_बाळ्या
आमच्याकडे उलट झालं म्हणून लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल टेस्ट म्हणजे निव्वळ थोतांड. मुलगी नऊ वर्षांची, नोव्हेंबर महिना, टिकचा विषय डोक्यातही नाही. एक दिवस गुडघा हा असा सुजला, नारळाएवढा, पण त्या मानाने दुखत नव्हता, लंगडत लंगडत शाळेतही जाऊन आली. ईआरला, म्हणजे इमर्जन्सीत, नेलं तर तिथे आधी सेप्टिक आर्थ्रायटिसची भीती, म्हणजे सांध्यात पू, त्यात लगेच ऑपरेशन करावं लागतं. ताप नव्हता, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) फार वाढलेला नव्हता, पाय टेकवत होती, तरी गुडघ्यातून पाणी काढलं. ते बघणं बापाच्या बसकी बात नाही, बायको आत थांबली. लाइमच्या रक्ताच्या टेस्टमध्ये आयजीजीचे जवळपास सगळे बँड आले. चावून कित्येक महिने झाले असणार, बहुतेक मे-जूनमध्ये, चट्टा कुणाला दिसलाच नाही, केसांत असेल तर दिसणार कसा. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन. सूज उतरली, मग थोडी परत आली, परत एक कोर्स. आता सॉकर खेळते.

तर सांध्याचा लाइम असेल तर टेस्ट जवळपास चुकत नाही, आयजीजी जोरात पॉझिटिव्ह येते. गुडघा सुजलाय आणि आयजीजी निगेटिव्ह आहे तर दुसरं कारण शोधा असं आम्हाला र्‍हुमॅटॉलॉजीवाल्यांनी स्पष्ट सांगितलं.

छत्री, तुमच्या मुलीच्या सांध्याला सूज आहे का? हा खरा प्रश्न.

छत्री_विसरली
सूज नाही. दोन्ही पाय दुखतात, कधी हा जास्त कधी तो.

जागरूक_पालक
इथे सगळे सीडीसीची भाषा बोलतायत म्हणून दुसरी बाजू. ही टेस्ट निम्म्या केसेस सोडते हे लॅबवालींनीच वर लिहिलंय! माझ्या चुलतबहिणीचा मुलगा दोन वर्षं थकलेला, डोकं दुखतं, अभ्यासात लक्ष नाही, सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, शेवटी एका खास लॅबला रक्त पाठवलं तर पॉझिटिव्ह. इन्शुरन्स कंपन्यांना खर्च नको म्हणून हे निकष इतके कडक ठेवलेत. आणि विसरू नका, हा आजार सापडलाच मुळी आयांमुळे. कनेक्टिकटच्या लाइम गावात पॉली मरे नावाची आई डॉक्टरांच्या मागे लागली म्हणून. डॉक्टर तेव्हाही काही नाही म्हणत होते. छत्री, स्वतःच्या मनाचं ऐक.

लॅबवाली
जागरूक_पालक, पॉली मरेचं १०० टक्के खरं आणि छान आठवण काढलीत. १९७५ ची गोष्ट. तिच्या आणि शेजारच्या घरांतल्या मुलांना ज्युवेनाइल र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, सांगितला होता, तिने याद्या करून आरोग्य खात्याला फोन केला, जुडिथ मेन्श म्हणून आणखी एक आई होती तिनेही. मग येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टिअर आले, त्यांनी घरोघर चौकशी करून १९७७ मध्ये ५१ रुग्णांबद्दल लिहिलं, त्यातली ३९ लहान मुलं. जंतू सापडायला १९८२ उजाडलं, विली बर्गडॉर्फर यांनी शोधला म्हणून बर्गडॉर्फेरी. पण त्या आयांनी काय केलं बघा ना, त्यांनी सुजलेले गुडघे मोजले. कुणाला कधी, कुठल्या रस्त्यावरच्या घरात, कुठल्या ऋतूत. रिपोर्ट त्यांच्याकडे नव्हताच.

निम्म्या केसेस सोडते हे मी चट्ट्याच्या दिवसांबद्दल लिहिलंय, दोन वर्षांनंतरच्या त्रासाबद्दल नाही. ते दोन आकडे एकत्र करू नका प्लीज, नेटवर सगळीकडे हाच घोळ आहे. खास लॅबबद्दल, कुणाचं नाव घेणार नाही, पण काही ठिकाणी ५ ऐवजी २-३ बँडवर पॉझिटिव्ह म्हणतात, काही लघवीत शोधतात. निकष ढिले केले की पॉझिटिव्ह वाढणारच, त्याला शोध म्हणत नाहीत. अशा वेळी एकच विचारायचं, टिक नसलेल्या प्रदेशातल्या निरोगी मुलांचं रक्त दिलं तर यातली किती पॉझिटिव्ह येतील.

जागरूक_पालक
मग त्या मुलाचा थकवा खोटा का?

लॅबवाली
नाही हो. थकवा खराच असणार. ज्यांना नक्की लाइम झाला आणि औषधही झालं अशातल्या काहींना पुढे कित्येक महिने थकवा, अंगदुखी राहते, हेही सगळे मान्य करतात. पण महिनोन्‌महिने अँटिबायोटिक दिल्याने ती जाते का, याच्या चाचण्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या पैशातून झाल्यात आणि टिकाऊ फायदा दिसला नाही. उलट शिरेत नळी ठेवून दिलेल्या लांब कोर्समध्ये रक्तात जंतुसंसर्ग होऊन लोक दगावल्याची नोंद सीडीसीने २०१७ मध्ये केलीय. लहान मुलाच्या बाबतीत मी हा जुगार खेळणार नाही. आणि लाइमचा शिक्का बसला की खरं कारण शोधायचं थांबतं, ते जास्त वाईट.

निवांतराव
लॅबवालींना कुणीतरी चहा द्या.

हडसनकाठी
आमचा तिसरा प्रकार, तोही नोंदवून ठेवते, कुणाला उपयोग होईल. मुलगा सहा वर्षांचा, ऑगस्टमध्ये दुपारी झोपून उठला आणि दूध पिताना एका बाजूने ओघळायला लागलं, हसला तर तोंड वाकडं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली, पॅरालिसिसच वाटला. चेहऱ्याची नस गेली होती, फेशिअल पाल्सी. आमच्या भागात उन्हाळ्यात लहान मुलाला हे झालं की डॉक्टरांच्या मनात पहिला लाइमच येतो. रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी सुरू केलं. डोळा पूर्ण मिटत नव्हता म्हणून थेंब आणि रात्री पट्टी. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह! मी म्हटलं आता बंद करायचं का, तर म्हणाले अजिबात नाही, तीनेक आठवड्यांनी परत करू. परत केली तेव्हा पॉझिटिव्ह. तोवर चेहरा बराचसा सरळ झाला होता.

दातांची काळजी मलाही होती, आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी देत नाहीत असं ऐकलेलं. ते जुन्या टेट्रासायक्लिनमुळे म्हणे. आता अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स २१ दिवसांपर्यंत कुठल्याही वयात चालतं म्हणते.

म्युनिकहून_मी
जर्मनीतही हाच आजार पण जंतूची भावंडं वेगळी, अफझेली आणि गारिनी, आणि टिकही वेगळी. मुलगी वाल्डकिटात जाते, म्हणजे बालवाडी चक्क जंगलात, टिक काढणं हा रोजचा कार्यक्रम. डॉक्टरीणबाई टिक काढल्यावर पेनने त्याभोवती गोल काढून देतात आणि म्हणतात काही आठवडे बघत राहा, रेषेबाहेर लाली गेली तर या. रक्त तपासायचं नाव काढत नाहीत. इथल्या मुलांत एक वेगळाच प्रकार दिसतो, कानाच्या पाळीवर निळसर लाल गाठ, अमेरिकेत तो जवळपास नसतोच. युरोपातले पालक असाल तर कान बघत जा.

आणि टिकची लस घेतलीय म्हणून निर्धास्त राहू नका, ती मेंदूज्वराच्या विषाणूची लस आहे, लाइमची नाही. इथले आपले मराठी लोक हमखास घोळ घालतात.

अवांतर_आजोबा
आमच्या दोडामार्गात गोचिडींनी माकडताप होतो. काजूच्या हंगामात लोक अंगाला तेल चोळून बागेत जातात. तो हाच का?

लॅबवाली
नाही आजोबा. माकडताप म्हणजे केएफडी, तो विषाणूचा, १९५७ मध्ये शिमोग्याकडे सापडला. गोचीडही वेगळ्या जातीची. त्यात जोराचा ताप येतो आणि सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर करून विषाणूच सापडतो, म्हणून तिथे टेस्टचं गणित सोपं. तापात थांबायचं नाही, लगेच सरकारी दवाखान्यात दाखवायचं. लाइमवाली काळ्या पायांची टिक आपल्या कोकणात नाही.

अवांतर_आजोबा
ठीक. नातू कॅलिफोर्नियात असतो म्हणून विचारलं.

चिंचगूळ
आजोबा, कॅलिफोर्नियात आहे, पण आमच्या ईशान्येपेक्षा खूपच कमी. काळजी नको.

जर्सीकर_जोशी
टिक सापडली तर तीच लॅबला पाठवून तपासून घ्यायची सोय आहे ना? आमच्या शेजाऱ्याने पाठवली होती. मुलाच्या रक्तापेक्षा टिक तपासणं बरं नाही का?

लॅबवाली
वाटतं तसं, पण इथल्या डॉक्टरांच्या संघटनांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट नको म्हटलंय. टिकमध्ये जंतू निघाला म्हणजे मुलात गेलाच असं नाही, टिक चिकटल्यापासून जंतू आत जायला साधारण दीड दिवस तरी लागतो. आणि नाही निघाला तरी दुसरी न दिसलेली टिक चावली नसेल कशावरून? मे ते जुलैमधलं टिकचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. टिक टाकून देऊ नका मात्र, पिशवीत ठेवा, कुठल्या जातीची आणि किती फुगली हे डॉक्टरांना बघता येतं. लाइमच्या पट्ट्यातली, काळ्या पायांची, ३६ तास किंवा जास्त चिकटलेली, आणि काढून ७२ तास झाले नसतील तर डॉक्सीचा एकच डोस देता येतो, मुलांनासुद्धा वजनाप्रमाणे. हे लगेच फोन करून विचारायचं. रक्ताची टेस्ट त्या दिवशी करून उपयोग शून्य, निरोगी मुलाची तर नकोच.

आणि टिक काढायला बारीक टोकाचा चिमटा, कातडीला अगदी लागून धरायचा, सरळ वर ओढायचं. रॉकेल, तंबाखू, उदबत्तीचा चटका हे सगळे गावाकडचे उपाय नकोत.

बोस्टनचा_बाळ्या
+१. शिवाय ज्यांना रक्त द्यायचंच आहे त्यांच्यासाठी, पोराला आधी भरपूर पाणी पाजा, बधिर करायचं क्रीम मागून घ्या, ते अर्धा-पाऊण तास आधी लावावं लागतं, आणि शक्य असेल तर मुलांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जा, तिथल्या बायकांचा हात सराईत असतो. आणि एकदाच टोचायचं तर सीबीसी, सीआरपी त्याच वेळी काढायचं का हे डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे तीनदा टोचून झालं तेव्हा कुणाला तरी सुचलं.

छत्री_विसरली
अपडेट द्यायला धागा वर काढतेय. पेडींकडे जाऊन आलो. या वेळी मी प्रश्न लिहूनच नेले होते, सगळे इथलेच. त्यांनी गुडघे, घोटे, कुल्ले सगळं हलवून बघितलं, तिला कॉरिडॉरमध्ये पळायला लावलं, मान, चेहरा, छाती तपासली. म्हणाल्या दोन्ही पाय, फक्त संध्याकाळी आणि रात्री, सकाळी ठणठणीत, सूज नाही, लंगडणं नाही, ताप नाही, वजन वाढतंय, या वयात हे ग्रोइंग पेन्सच, म्हणजे वाढत्या वयातलं साधं पायदुखणं. एकाच जागी दुखलं, सकाळी आखडलं, सांधा सुजला, लंगडली, ताप आला, यातलं काहीही झालं तर लगेच या. मला दिलासा म्हणून पहिल्या टेस्टनंतर सहा आठवडे होतील तेव्हा एकदा फक्त आयजीजी बघायची ठरलं, लाइम असला तर तोवर यायलाच हवी.

ती काल आली. निगेटिव्ह, तोच एकटा ४१. औषध काही नाही. त्या दुसऱ्या क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतलीच नाही. नवरा अजून जरा साशंक आहे. सासऱ्यांना विडालचं उदाहरण दिलं, ते म्हणाले "मला तर टायफॉइड खराच झाला होता." पुढे बोलणंच खुंटलं.

फुकट_सल्ला
=)) =))

सुगरण_नाही
छान झालं. मला एक सांगा, आमच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये बँड वगैरे काही नाहीच, नुसते दोन आकडे आणि पॉझिटिव्ह. अर्धवट टेस्ट केलीय का?

लॅबवाली
अर्धवट नाही. २०१९ पासून एफडीएने (औषधं आणि टेस्ट मंजूर करणारं इथलं सरकारी खातं) नवी पद्धत मंजूर केलीय, त्यात दुसरा टप्पाही ब्लॉटऐवजी एलायझाच, वेगळ्या प्रथिनांची. पट्टीवरचा पुसट बँड आहे की नाही यावर आमच्यात जी वादावादी व्हायची ती गेली आणि सुरुवातीच्या दिवसांतले थोडे जास्त सापडतात. दोन्ही टप्पे झाले की नाही एवढंच बघा. नुसता पहिला पॉझिटिव्ह असेल तर तो निकाल नव्हे, त्यात मोनोसारख्या (हा एक विषाणूचा ताप) दुसऱ्या आजारांमुळेही गडबड होते.

जर्सीकर_जोशी
शेवटचं विचारतो, मग गप्प बसतो. धाकट्याला मागच्या वर्षी चट्टा येऊन, टेस्टही पॉझिटिव्ह येऊन औषध झालंय. या वर्षी परत टिक निघाली. समर कॅम्पची नर्स म्हणते टेस्ट करून बरा झाल्याचा रिपोर्ट आणा. आणि त्यात आमचा कुत्रा परवा व्हेटकडे लाइम पॉझिटिव्ह निघाला, तर मोठ्याचीही करून घ्यावी का?

बोस्टनचा_बाळ्या
बरा झाल्याचा रिपोर्ट या टेस्टने मिळतच नाही. आमच्या मुलीची वर्षाने दुसऱ्या कारणासाठी केली तर तशीच पॉझिटिव्ह, आणि ती गोलकीपरच्या अंगावर धावत जाते. अँटिबॉडी महिने नाही, वर्षंही राहतात. पेडींकडून एका ओळीचं पत्र घ्या, उपचार पूर्ण, कॅम्पला हरकत नाही. आम्ही तेच केलं, चाललं.

लॅबवाली
बाळ्या बरोबर. आणि जोशी, त्या अँटिबॉडी परत होण्यापासून वाचवत नाहीत, म्हणजे धाकट्याला पुन्हा होऊ शकतो, पण जुना की नवा हे रक्तावरून कळणार नाही. त्याच्या बाबतीत तर डोळेच वापरायचे. चावल्या जागेचा आजच फोटो काढा, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून, मग महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी. लाली ५ सेंटिमीटरच्या वर पसरली की तो फोटो घेऊन जा. ताप, मान आखडणं, चेहरा वाकडा, सांध्याला सूज, चक्कर यातलं काही झालं तर फोटोची वाट बघू नका.

कुत्र्यावरून मुलाची टेस्ट नको. कुत्र्याकडून मुलाला होत नाही, फक्त तुमच्या अंगणात किंवा फिरायच्या वाटेवर तसल्या टिक आहेत एवढं कळलं. रोज आंघोळीच्या वेळी केस, कानामागे, काखा, बेंबी, जांघ, गुडघ्यामागे बघत जा. बाहेरून आल्यावर कोरडे कपडे आधी ड्रायरमध्ये १० मिनिटं, कडक हीटवर, गार किंवा कोमट पाण्यात नुसतं धुण्याने टिक मरत नाहीत.

जर्सीकर_जोशी
कुत्र्याला लाइमची लस पण देतात म्हणे व्हेट. मुलांना का नाही?

लॅबवाली
माणसांची होती. १९९८ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली, पण तीसुद्धा १५ वर्षांच्या वरच्यांसाठी. मग सांधेदुखी होते अशी ओरड झाली, तपासात तसं सिद्ध झालं नाही, पण खप बसला आणि २००२ मध्ये कंपनीने स्वतःच काढून घेतली. गंमत म्हणजे ती घेतलेल्यांची एलायझा लशीमुळेच पॉझिटिव्ह यायची, आम्हा लॅबवाल्यांना वेगळाच ताप. नव्या लशीची मोठी चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली, त्यात पाच वर्षांपासूनची मुलं घेतलीत. तोवर कुत्रा पुढे आहे.

जर्सीकर_जोशी
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते कुत्रा आंघोळीलाही तुझ्यापेक्षा पुढे आहे.